शून्य मृत्यू आणि जिलबीचं जेवण

नाव: हरिहर अच्युत खांबेटे. वय: त्रेपन्न. मूळ गाव: नाशिक. सध्याचा मुक्काम: अल खर्ज, सौदी अरेबिया. इकाम्यावरील (म्हणजे निवास परवान्यावरील) व्यवसाय: शीतगृह तंत्रज्ञ. प्रत्यक्ष व्यवसाय: एका दुग्धप्रकल्पाचे सुरक्षाप्रमुख. आहार: शाकाहारी, केकसुद्धा अंडं नाही ना हे विचारून. वैवाहिक स्थिती: समाधानकारक. अवलंबित: पत्नी एक, कन्या एक (शिक्षणासाठी भारतात), सर्प एक. एकवीस वर्षांच्या सेवेत देखरेखीखाली झालेले मृत्यू: शून्य.

यातल्या शेवटच्या नोंदीचा खांबेट्यांना अभिमान होता आणि तो साधार होता. बाहेर पंचेचाळीस अंश असताना दूध ज्या थंडीत राहतं, ती थंडी फुकट मिळत नाही. तिच्यामागे नळ असतात, नळांत अमोनिया असतो, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि हे दोन्ही वायू माणूस बघून वागत नाहीत. श्वास घेणारं काहीही आणि तो वायू यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच खांबेट्यांचं काम. एकवीस वर्षं पडली नव्हती.

सर्पाची नोंद मात्र त्यांच्या कर्तृत्वाने झालेली नव्हती. या देशातून कुणी कायमचं निघालं, पासपोर्टवर फायनल एग्झिट लागलं, की त्याचा संसार शेजारीपाजारी वाटून घेतात. सोफा एकाकडे, तुळस दुसरीकडे, कुकर तिसरीकडे. चार वर्षांपूर्वी समोरच्या घरातला दक्षिण आफ्रिकेचा इंजिनिअर निघाला, तेव्हा खांबेटे त्याचं वॉशिंग मशीन बघायला गेले. ते आधीच कुणी तरी उचललं होतं. बरोबर गेलेली चौदा वर्षांची अवनी मात्र एका काचेच्या पेटीसमोर उभी राहिली ती हलेना. आत केशरी वेटोळं होतं, पाकातून नुकतंच काढल्यासारखं चकचकीत. नाव जागेवरच पडलं: जिलबी. कॉर्न स्नेक जातीची, बिनविषारी, आणि खांबेट्यांच्या घरात आल्यापासून तिथली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती.

जिलबीला पंधरवड्याला एक उंदीर लागे. रियाधच्या एका दुकानातून गोठवलेले उंदीर पाकिटात येत आणि गच्चीवरच्या खोलीतल्या वेगळ्या फ्रीजमध्ये राहत. वेगळ्या, कारण शालिनीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझ्या मटारांशेजारी तुमचा उंदीर दिसला, तर पुढची फायनल एग्झिट माझी." पाकिटातला उंदीर कधी काळी पळत होता, हा विचार खांबेट्यांनी चार वर्षं केला नाही. पाकिटावर मुदत छापलेली असे. मुदत छापलेल्या वस्तूला जीव होता असं वाटत नाही. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला तर नाहीच.

मग अवनी मुंबईला गुरांची डॉक्टर व्हायला गेली आणि जिलबी बापाकडे सोपवून गेली. महिन्याभरात रियाधचं ते दुकान बंद पडलं. दुसऱ्या दुकानात उंदीर होते, पण जिवंत. सात आठवडे जिलबी उपाशी राहिली. खांबेटे दर रविवारी तिचं वजन करून मुलीला कळवत, आणि दर रविवारी आकडा उतरत होता.

"बाबा, असं नाही चालणार," अवनी फोनच्या पडद्यावरून म्हणाली. "या शुक्रवारपर्यंत ती जेवली नाही, तर तिला दुसऱ्याला देऊया. आणि घ्यायला तयार आहे तो एकच. तो रियाधवाला."

रियाधवाला स्वतः साप पाळी, पेटीत जिवंत उंदीर सोडी आणि त्याचे व्हिडिओ करी.

"आपणही तसाच सोडला तर?" खांबेट्यांनी विचारून पाहिलं.

"आर यू सीरियस? उंदीर जिलबीला चावणार, जिलबी त्याला आवळत बसणार. दोघांचे हाल. बाबा, तूच करायचंयस. डब्यात सीओटू हळूहळू सोडायचा. हळू म्हणजे हळू. एकदम सोडलास तर त्याच्या नाकाला झोंबतं, तो घाबरतो. हळू सोडलास की निजतो आणि मग जातो. आणि मध्ये थांबायचं नाही. थांबणं हाच क्रूरपणा. तसा गॅस तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो."

हे शेवटचं खरं होतं, आणि अडचण तीच होती.

नवं काम हातात घेतलं की खांबेटे आधी परवाना भरत. बंदिस्त जागेत शिरणाऱ्या कामगारासाठी असतो तो छापील फॉर्म घरात होताच. कामाचं ठिकाण: मागचं अंगण. बंदिस्त जागेचं वर्णन: झाकणाचा पारदर्शक डबा. प्रवेश करणाऱ्याचं नाव: उंदीर. प्रवेश करणाऱ्याला धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे का? इथे पेन थोडा वेळ थांबलं. पुढचा रकाना होता, ‘बाहेर काढण्याची योजना’. रकाना रिकामा सोडायची सवय नसल्याने त्यांनी लिहिलं: गॅस मीटर वाजल्यास झाकण उघडावे.

शालिनीबाईंनी चष्मा लावून फॉर्म वाचला.

"गुरुवार टाकलायत."

"एक दिवस हाताशी राहावा म्हणून."

"गुरुवारी संकष्टी आहे. रात्री मी गणपतीला मोदक दाखवायचे आणि दिवसा तुम्ही त्याच्या वाहनाला डब्यात घालायचं?"

"मग रद्द करू?"

"रद्द कशाला? शुक्रवारी करा. आणि माझ्या सोडा मशीनच्या गॅसच्या नळकांड्याला हात लावायचा नाही. नवीन आणा."

हरकत तिथीला होती, कामाला नव्हती. खांबेट्यांनी गुरुवार खोडून शुक्रवार लिहिलं आणि शेजारी सही केली.

शुक्रवारी सकाळी अंगणात डबा मांडला. तळाला कागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर पांढरा उंदीर. वायू किती झाला ते कळावं म्हणून खांबेट्यांनी कामावर शर्टाला लावायचा मीटर डब्यातच टांगला. नळी जोडली, व्हॉल्व्ह केसभर उघडला. मीटरचं काम वायू वाढला की ओरडायचं. तो ओरडला.

तो ओरडणार हे खांबेट्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं. हातांनी व्हॉल्व्ह बंद केला, झाकण भिरकावलं, स्वयंपाकघरात शिरून शालिनीबाईंचा दंड धरला, आणि "बाहेर! सगळे बाहेर!" हे तोंडातून निघेपर्यंत दोघं फाटकाबाहेर, पार्किंगजवळच्या कडुनिंबाखाली उभी होती. तो कडुनिंब आपल्या कुटुंबाचा आणीबाणीत जमायचा ठिय्या, असं खांबेट्यांनी हे घर घेतलं त्याच आठवड्यात ठरवलं होतं. शालिनीबाईंच्या अंगावर घाईत ओढलेला अबाया होता आणि हातात थालीपिठाचं उलथणं.

"कुल्लू तमाम?" गाडी पुसणाऱ्या सुदानी शेजाऱ्याने सगळं ठीक ना, असं विचारलं.

"तमाम, तमाम," खांबेटे म्हणाले आणि सवयीने हजेरी मोजू लागले. "एक, दोन..."

"तिसरी मुंबईत आहे," शालिनीबाई म्हणाल्या. "चौथी उपाशी आहे. आणि पाचव्यासाठी तुम्ही हे सगळं केलंत, चला, त्याला बघू."

पाचवा डब्यात बसला होता. आधी डुलला, मग सावरला, मग मिशा साफ करू लागला.

शालिनीबाई उलथणं हातात धरून त्याच्यावर वाकल्या. "अहो, हा अर्धा जाऊन परत आला. आता याला पुन्हा पहिल्यापासून जायचंय. कुणाचं भलं केलंत?"

खांबेटे पायरीवर बसले. एकवीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. झाकण उघडणं म्हणजे भलं करणं, हे त्यांनी शेकडो माणसांना शिकवलं होतं, आणि तिथे ते खरंच होतं.

"ते वाजलं की माझा हात जातोच गं," ते म्हणाले.

"मग ते वाजणारं काढा. तिकडे गॅस होऊ नये म्हणून ते वाजतं. इथे तो व्हायलाच हवा ना? घड्याळ लावा. आणि मी बसते शेजारी. उठायला लागलात तर दाबून बसवीन."

उंदराला दुपारपर्यंत विश्रांती दिली, दोन शेंगदाणे दिले. उतरत्या दुपारची, अस्रची अजान झाल्यावर दोघं पुन्हा अंगणात बसली. शालिनीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी अंगणात काहीच वाजलं नाही. उंदराने कागदात दोन फेऱ्या मारल्या, प्रवासात बर्थवर जागा करून घेणारा माणूस मारतो तशा, आणि तो कुशीवर झाला. पोट वरखाली होत होतं. मग सावकाश होत होतं. मग थांबलं. घड्याळ वाजलं तरी खांबेट्यांनी आणखी दहा मिनिटं जाऊ दिली, आणि मग बोट लावून खात्री केली. जिवंत असलेल्याला मेलेला समजून सोडून देणं ही चूक त्यांच्या धंद्यात सगळ्यात वाईट मानतात. त्यांचा हात एकदाही झाकणाकडे गेला नाही. शालिनीबाईंना दाबावं लागलं नाही, पण त्यांनी आपला हात काढलाही नाही.

रात्रीच्या जेवणाआधी जिलबी जेवली. मुंबईच्या पडद्यावर अवनीने तिच्या पोटातला फुगवटा बघितला.

"त्रास झाला का त्याला?"

"सकाळी झाला," खांबेटे म्हणाले. "माझ्यामुळे. दुपारी नाही."

"मग जिलबी आपलीच, बाबा."

खांबेट्यांनी फॉर्म काढला, ‘बाहेर काढण्याची योजना’ समोरचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: नाही. सुरू केल्यावर थांबू नये.

याला दोन वर्षं होत आली. एका शुक्रवाराआड, चतुर्थी आली तर शनिवारी, अंगणात डबा मांडला जातो. शालिनीबाई शेजारी भाजी निवडत बसतात. जिलबी तीन बोटं जाड झाली आहे. रियाधहून साप पाळणाऱ्या कुणाकुणाचे फोन येतात: भाऊसाहेब, तुम्ही ते हळू कसं करता? खांबेटे आधी परवान्यापासून सुरुवात करतात. अर्धे लोक तिथेच फोन ठेवतात.

गेल्या महिन्यात कंपनीने त्यांचा सत्कार केला. शाल नव्हती, पण फलक होता: ‘हरिहर खांबेटे. सेवेची तेवीस वर्षे. देखरेखीखालील मृत्यू: शून्य.’ शालिनीबाईंनी तो बैठकीत लावू दिला नाही. खिळ्याला जागा नाही म्हणाल्या. तो गच्चीवरच्या खोलीत, जिलबीच्या पेटीवर टांगला आहे.

आजवरचे उंदीर: एकोणपन्नास.