दोन्ही कान टेकले पाहिजेत

जगातली सगळी घाई गोळा करून मोडीत काढायची, एवढ्याच कामासाठी देवाने आमच्या चाचांना जन्माला घातलं होतं, असं माझं ठाम मत आहे. चाचा माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. वाशीच्या ज्या क्लबात मी नेमबाजी शिकले, तिथल्या रायफली दुरुस्त करणारे ते परवानाधारक कारागीर. मूळचे उरणकडच्या खाडीकाठच्या गावचे. भावंडं सगळी व्यापारात, एकट्या चाचांनाच पोलादाचं वेड. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि त्या चष्म्यावर आणखी एक भिंग, अशा थाटात ते क्लबामागच्या छोट्या खोलीत बसायचे. मे महिन्यात आम्ही नुसतं दारात उभं राहून घामाने निथळायचो, पण चाचांचा पंखा बंद. पंख्याने धूळ उडते, धूळ शाईवर बसते आणि मग शाई खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. मोबाइल बिस्किटांच्या डब्यात घालून वर झाकण. काम चालू असताना चहा वर्ज्य. "चहा प्यायला की हात पळायला लागतो," म्हणायचे.

त्यांचं खरं काम बोल्ट बसवण्याचं. बोल्ट म्हणजे रायफलच्या मागच्या भागात मागेपुढे सरकणारा पोलादी दांडा. तो पुढे सारून खाली वळवला की गोळीच्या मागचं दार बंद होतं. हा दांडा ज्या घरात फिरतो ती ॲक्शन. दांड्याच्या पुढच्या टोकाला दोन उंचवटे असतात, त्यांना चाचा कान म्हणत. दार बंद झालं की दोन्ही कान आतल्या खाचेत सारखे टेकले पाहिजेत. ते टेकतात का हे बघायला चाचा कानांना निळी शाई लावायचे, बोल्ट बंद करून पुन्हा बाहेर काढायचे आणि शाई कुठे पुसली गेली ते भिंगातून न्याहाळत बसायचे. मग केसाच्याही हिश्श्याने घासणं. पुन्हा शाई. एकदा बाजारातले एक कांद्याचे व्यापारी नव्या रायफलीसाठी तिसरी खेप घालून आले. चाचांनी मान वर न करताच विचारलं, "शेठ, तुमचा डावा कान टेकत नाय, त्याचं काय करायचं?" शेठनी घाबरून स्वतःचा कान चाचपला आणि म्हणाले, "डॉक्टरला दाखवू का?" आम्ही खोलीबाहेर जाऊन हसलो. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसलाच नाही.

माझ्यावरही ती पाळी आली. राज्य स्पर्धा आठ दिवसांवर आणि माझी रायफल चाचांच्या टेबलावर उघडी पडलेली. मी रोज जाऊन विचारायचे, "कधी मिळेल?" उत्तर एकच, "बसला की." पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "चाचा, तुमच्यामुळे माझं वर्ष फुकट जाणार!" मी ओरडले. त्यांनी शांतपणे स्टूल सरकवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. एका कानावरची शाई साफ पुसलेली, दुसऱ्यावरची जशीच्या तशी. "बघ, सगळा भार एकच घेतो. दुसरा नुसता मिरवतो. तू नेम कितीबी धर, ही दर वेळी जराशी वेगळी वागनार." स्पर्धेच्या आदल्या दुपारी रायफल मिळाली. बोल्ट असा मिटला, जणू लोण्यात बोट गेलं. मी स्पर्धेत सातवी आले. चाचांना सांगितलं तर ते समाधानाने म्हणाले, "चला! आता चूक तुझीच, रायफलीची नाय."

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, खारघरला राहायला गेले. रायफल क्लबातच राहिली. दोन वर्षांपूर्वी पुन्हा नेम धरावासा वाटला. नवी नळी आणि नवा बोल्ट मागवला आणि चाचांकडे दिला. या वेळी महिना लागला. बोलावणं आलं तेव्हा रायफल टेबलावर जोडून ठेवलेली होती आणि चाचा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

"बंद करून बघ," ते म्हणाले, "आनि सांग मला."

त्यांनी आजवर कुणाला कधी विचारलं नव्हतं. मी बोल्ट पुढे सारला, खाली वळवला. शेवटी, अगदी मिटता मिटता, तो किंचित अडला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चाचा माझ्या हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. छान बसलाय, असं म्हणणं किती सोपं होतं! बाहेर कुणीतरी सराव करत होतं, दोन गोळ्यांचे आवाज आले.

"चाचा, शेवटी थोडं अडतंय," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. "मलाबी तेच वाटलं. पन हात आता थरथरतात, म्हनून त्यांच्यावर भरवसा ठेवला नाय." मग मांडीखालचे हात काढून टेबलावर ठेवले. दोन्ही हात हलत होते. "पुन्यात एक कारागीर हाय, चांगला हाय. त्याच्याकडे पाठवू. मी चिठ्ठी देतो, तू लिही."

मी लिहिलं, त्यांनी मजकूर सांगितला. पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना परत केला.

आता ते मुलीकडे राहतात. मी अधूनमधून जाते. ते नातवंडांचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात. रायफलीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. पुण्याहून आलेला बोल्ट सुरेख बसतो, त्यात काही खोट नाही. पण त्या दिवशी मी खोटं बोलले असते, तर चाचा कदाचित अजून त्या खोलीत असते, असं मनात येतं. आणि तसं बोलले असते तर त्यांना पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं, हेही येतं.