सोनाराने घडवलेला जेट

आमच्या घरात एक जुनी मोटारसायकल होती आणि तीन पुरुष होते. तिघेही स्वतःला मेकॅनिक समजत. म्हणूनच ती गाडी कधी बरी झाली नाही, असं माझं मत आहे आणि ते मी आता उघड सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मामाजींनी तरुणपणी ही काळी टू-स्ट्रोक गाडी घेतली तेव्हा मारेगावपासून आमच्या गावापर्यंत धड रस्ताही नव्हता. आता रस्ता झाला, पण गाडी थकली. गावात फिरायला तिची तक्रार नसे. गावाबाहेरचा नाला ओलांडला की मात्र चढ लागतो. तिथे मूठ पूर्ण पिळली की ती गुदमरायची, खोकत खोकत धूर सोडायची आणि अर्ध्या चढावर बंद पडायची. बाहेर जायला रस्ता तो एकच, त्यामुळे गाडी गावातच अडकून पडली होती.

मला ती गाडी हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव अडकला होता तिच्यात. मी फवारणीचे पेट्रोलवर चालणारे पंप दुरुस्त करते. आमचा पंप दर वर्षी ऐन कामात बंद पडायचा आणि दुरुस्त करणारा तीन-तीन दिवस ताटकळत ठेवायचा. दोन हंगाम त्याच्या दुकानात बसून त्याचे हात बघितले आणि तिसऱ्या हंगामात पंप मीच उघडला. मग गावातले पंप येऊ लागले, नंतर आजूबाजूच्या गावांतून फोन. पाने-पेचकस होते, काम होतं, फक्त जायला गाडी नव्हती. फाट्यावर काळी-पिवळी जीपची वाट पाहायची, नाहीतर नवऱ्याला गळ घालायची. मी पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि शेतकरी दुसरीकडे पंप घेऊन गेलेला असायचा.

त्या वर्षी श्रावणात माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, मोबाइलवर गाडीचा फोटो टाकून नागपूरचा एक गिऱ्हाईक गाठला. जुन्या गाड्या घेऊन सजवणारा माणूस. नवऱ्याला गाडी विकायची नव्हती. जेवताना दोघा भावांची जुंपली. मामाजींनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला.

"ज्याच्या हातानं हे गाडी नाल्याचा चढ चढन, गाडी त्याची. मंग त्यानं ते विकाव नाही तं पुजाव."

भासऱ्यांनी लगेच तालुक्याहून मेकॅनिक आणला. त्याने प्लग बदलला, स्क्रू फिरवला, चहा प्यायला. गाडी त्याच जागी बंद पडली. नवऱ्याने एक पूर्ण रविवार खर्च केला आणि गाडी ढकलत परत आणली. मी ताटं उचलता उचलता विचारलं, मामाजी, मी पाहू का. ते हसले आणि म्हणाले, पाह्य, पंपाचा मोठा भाऊच हाय थो. शर्त मलाही लागू आहे ना, हेही मी विचारून घेतलं. लागू आहे म्हणाले. गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येणार होता, म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते.

अंगणात पोतं अंथरून मी कार्बोरेटर उघडला. आतली सुई झिजून तिच्या टोकाला खाच पडली होती, म्हणून पेट्रोल सारखं गळायचं. तशी सुई मारेगावच्या दुकानात मिळाली आणि गळती थांबली. मग मी जेट काढला. हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, मधोमध केसासारखं भोक. इंजिनाला लागणारं पेट्रोल त्यातूनच जातं. उन्हाकडे धरून पाहिलं तर भोक गोल नव्हतं, लांबट झालं होतं, आणि मला सगळं कळलं. कारण हीच चूक मी स्वतः एकदा केली होती. पंपाचा जेट शिवणाच्या सुईने कोरला आणि पंप पेट्रोल ढोसून धूर ओकत बसला.

गाडी जरा खोकली की मामाजी म्हणत, कचरा आला. सायकलच्या ब्रेकची एक तार त्यांनी त्यासाठीच जपून ठेवली होती. वीस वर्षं ते ती जेटमध्ये खुपसत आले होते. आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण शहाणपण माझ्या जिभेला कधी मानवलं नाही.

"मामाजी, कचरा नाही हाय. भोक मोठं झालं. तुमच्या तारेनं."

"मी इतके वर्षं गाडी चालवली अन् तू मले शिकवून राह्यली?" असं म्हणून ते उठून गेले. दोन दिवस माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. मला वाईट वाटलं, पण मी बोलले ते खरं होतं, म्हणून मी माघार घेतली नाही.

नवा जेट मात्र मिळेना. दुकानदार म्हणाला, या गाडीचं सामान येणं कधीच बंद झालं. मोबाइलवरून मागवलेल्या जेटचे आटेच वेगळे निघाले. चार दिवस संपले होते. त्या दिवशी मी मारेगावात मंगळसूत्र ओवून घ्यायला सोनाराकडे बसले होते आणि तो एका मण्याला भोक पाडत होता. डोळ्याला भिंग, हातात सुईपेक्षा बारीक गिरमिट. माझ्या पिशवीत जेट होता. घरातल्या तिन्ही पुरुषांना सात जन्मात सोनार आठवला नसता, कारण सोनाराकडे ते फक्त मुलींच्या लग्नात जातात.

सोनार आधी हसला. सोन्याले भोक पाडतो मी वहिनी, गाडीले नाही, म्हणाला. पण जेट भिंगाखाली धरल्यावर त्याचं हसू थांबलं आणि कारागीर जागा झाला. त्याने जुनं भोक झाळ देऊन बुजवलं आणि मधोमध नवं, अगदी बारीक पाडलं. किती बारीक हवं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. लहानाचं मोठं करता येतं, मोठ्याचं लहान होत नाही, एवढ्या हिशेबावर आम्ही चाललो.

घरी येऊन जेट बसवला आणि चढावर नेली, तर गाडी अर्ध्याच्या थोडी वर चढली आणि मेली. पण या वेळी धूर नव्हता. प्लग काढून पाहिला तर मिठासारखा पांढरा. म्हणजे आधी पेट्रोल जास्त मिळत होतं, आता कमी. पानठेल्यावरचे लोक हसले. मी मात्र मनात नाचत होते, कारण रोग सापडला होता.

दुसऱ्या फेरीला काळी-पिवळीत माझ्या शेजारी मामाजी येऊन बसले. काहून येता म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सोनाराने भोक केसभर वाढवलं आणि मग जेटची जुनी, खरवडलेली कड मामाजींना भिंगातून दाखवली. हे कोणाच्या हातचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. काका, पाहा, म्हणाला, कोण्या आडमुठ्यानं लोखंड घातलं यात. मामाजींनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून ठेवला.

"माहाच हात होता थो," ते म्हणाले.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते उगाच नाही. परतताना मामाजींनी फाट्यावर मला चहा पाजला.

तरी गाडी चढाच्या माथ्यापाशी जरा अडखळलीच. शनिवारी तिसरी फेरी झाली, सोनाराने गिरमिट दोनच वेळा फिरवलं. रविवारी सकाळी पदर खोचला, किक मारली आणि नाल्याचा पूल ओलांडून मूठ पूर्ण पिळली. गाडी खोकली नाही. आवाज एकसारखा, भरलेला, आणि चढ माझ्या चाकाखालून मागे जात राहिला. माथ्यावर थांबून मी प्लग काढला. छान तपकिरी, चहाच्या रंगाचा. तिथे एकटीच उभी राहून मी मोठ्याने हसले. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी उभी होती, ऐकायला कुणी नव्हतं.

घरी आले तर गिऱ्हाईक अंगणात खुर्चीवर बसला होता. गाडीचा आवाज ऐकून तो उठून उभाच राहिला. इंजिनावर हात ठेवला, वाकून आवाज ऐकला, आणि भासऱ्यांकडे वळून म्हणाला की ठरल्यापेक्षा जास्त देतो. भासऱ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मामाजींकडे. शर्त मुलांसाठी होती, सुनेसाठी नाही, असं मामाजी एका वाक्यात म्हणू शकले असते आणि गावात कुणी त्यांना नावं ठेवली नसती. मी हँडल सोडलं नव्हतं.

गिऱ्हाईकाने मामाजींना विचारलं, काय म्हणता काका, देता ना.

"मले कायले विचारता?" मामाजी म्हणाले. "मालकीण थे उभी हाय."

एकोणीस वर्षं झाली होती मला त्या घरात येऊन. शेत मामाजींच्या नावावर, घर मामाजींच्या नावावर, आणि माहेरचं होतं ते भावांच्या नावावर. त्या अंगणात माझ्याविषयी हा शब्द कुणी पहिल्यांदा उच्चारला आणि तोही परक्या माणसासमोर. डोळे भरून आले, ते मी कुणाला पुसूनही दाखवले नाहीत.

विकायची नाही, मी गिऱ्हाईकाला सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. तीन कोसांवरच्या गावात एकाचा पंप सकाळपासून बंद होता आणि मजूर शेतात बसून होते. अर्ध्या तासात येते, मी म्हटलं, आणि पान्यांची पिशवी हँडलला अडकवून निघाले.