ओढ्यातली हत्यारं

पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत चंडीगडमध्ये लोक घराबाहेर पडताना दहादा विचार करत. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मात्र दर रविवारी दगड वेचायला जात. मूळचे पुण्याचे, केंद्र सरकारच्या कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे आहेत, त्यांना चो म्हणतात. त्यांच्या कोरड्या पात्रात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडतात, हे खरं. या गृहस्थांना सापडायचे ते बहुतेक नुसते फुटके गोटे. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी बाणांच्या टोकांचे फोटो पाहिले होते. तेव्हापासून टोकदार दिसेल तो दगड म्हणजे बाणाचं टोक. त्यांच्या दिवाणखान्यात अशा टोकांचं अख्खं शोकेस होतं आणि चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ते बघावं लागे.

माझे यजमान डॉक्टर, रविवारीही ड्यूटीवर. मी शाळेत भूगोल शिकवायची, दगडांची थोडी जाण होती, म्हणून कधीकधी या गृहस्थांच्या फियाटमधून जायची. त्यांच्या पत्नी डबा घेऊन ओढ्याच्या काठावर बसून राहत. "तिला यातलं काही कळत नाही," हे ते त्यांच्यासमोरच सांगत.

एका रविवारी चंडीमंदिरच्या पुढच्या चोमध्ये मला तळहाताएवढा गोटा मिळाला. एका कडेचे टवके ओळीने उडवलेले, दुसरी बाजू मुठीत नेमकी बसणारी. हे खरं हत्यार होतं. मी तो त्यांना दाखवला.

"वहिनी, हा पाण्याच्या माऱ्याने फुटलाय," ते म्हणाले, आणि सरळ आपल्या पिशवीत टाकला.

परतताना नाक्यावर गाडी अडवली. वाळूच्या पोत्यांमागे बंदूकधारी जवान होते. एकाने डिकी उघडली, पिशवी उचलून पाहिली.

"इसमें क्या है?"

आता कोणीही शहाणा माणूस 'पत्थर' म्हणाला असता. पण यांना अडाण्यासमोर ज्ञान पाजळायची सवय. मान ताठ करून म्हणाले, "पुराने हथियार."

पुढच्या क्षणी तीन बंदुका आमच्यावर रोखलेल्या होत्या. आम्हाला खाली उतरवून हात वर करायला लावले. हवालदार ओरडला, "थैला किसका है?"

या गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इनका."

मला भीतीपेक्षा किळस जास्त वाटली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, हात तसेच वर ठेवून, शांतपणे म्हणाल्या, "झूठ बोल रहे हैं. थैला इनका ही है. पत्थर हैं सब. घर में और भी बहुत हैं."

हवालदाराने पिशवी रस्त्यावर ओतली. सगळे गोटे घरंगळले. त्याने एकेक पायाने उलटवून पाहिला, मग बंदुका खाली झाल्या. "उठाओ," तो गृहस्थांना म्हणाला. साहेब भर दुपारी डांबरावर गुडघे टेकून दगड गोळा करत राहिले. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. मदत कोणीच केली नाही. माझा गोटा तेवढा मी स्वतः उचलला आणि पदराखाली धरला.

गाडीत ते म्हणाले, "वहिनी, घाईत तोंडातून निघून गेलं. मनावर घेऊ नका."

"मनावर घेण्याइतकं त्यात काही नव्हतं," मी म्हटलं.

महिन्याभराने कोणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला गेले, तर बाहेर पुरुषमंडळींत तीच हकिगत रंगली होती. त्यात म्हणे घाबरलेल्या बायकांना यांनी धीर दिला होता आणि हवालदाराने यांना सलाम ठोकला होता. त्यांच्या पत्नी आत माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हातातली करंजी संपवली आणि हळूच मला विचारलं, "पुढच्या रविवारी आपण दोघीच बसने जायचं का?"

गेलो. दगड ओळखायला मी त्यांना अर्ध्या तासात शिकवलं. त्यांची नजर माझ्याहून तयार निघाली.