शेकरूच्या झाडाखाली

भीमाशंकरच्या जंगलात त्या आंब्याखाली आज ही गर्दी! वर शेकरूचं घरटं, त्यात पिल्लू; खाली शिट्ट्या.

“काका, बाजूला व्हा ना, फोटोत येताय!”

वैताग नुसता. सुंदर काही दिसलं की आपल्याला नुसतं बघणं पुरतच नाही. त्यानंही आपल्याकडे बघावं असं वाटतं.

“यांना हे झाड सांगितलं कुणी हो?” बायको चिडली.

आठवडाभर गिळलेलं शेवटी बाहेर आलं. “मीच. ग्रुपवर खुणेसकट टाकलं. कौतुक हवं होतं.”

वर मादी पिल्लाला तोंडात धरून फांदीच्या टोकाशी आली. पुढचं झाड लांब होतं. तिनं अंग आवळलं, आणि मी मान खाली घातली.

टाळ्या पडल्या, तेव्हा कळलं, पोचली.