बिरप्पाचं वजन

कुंभारीच्या बिरप्पा मेस्त्रीला येझदी फटफटीचं भूतच लागलेलं. नाद सगळ्यांना असतो हो, पण किती? तरुणपणी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं, सुट्टीला मोकळ्या पडणाऱ्या रस्त्यावर ड्रॅगच्या शर्यती लागायच्या. पार सांगली-कोल्हापूरची पोरं गाड्या घेऊन यायची. वळण नाही, वळसा नाही. झेंडा पडला की नाकासमोर सुटायचं. बिरप्पानं येझदीचे मडगार्ड काढले, सीट कापली, सायलेन्सर स्वतः ठोकून बनवला. गाडीचं सगळं उतरवून झालं की मग स्वतःचं वजन उतरवायचा. किलोभर उतरलं की गाडी हातभर पुढं जाते, हा त्याचा हिशेब. चपला आणि खिशातली चिल्लरसुद्धा बायकोजवळ, चंद्रव्वाजवळ द्यायचा आणि मगच गाडीवर बसायचा. पण गडी सरळ. झेंड्याआधी सुटला, असा बोल त्याच्यावर कधी आला नाही.

पुढं शर्यती बंद पडल्या, बिरप्पाचं पोट सुटलं, येझदी गॅरेजात झाकून राहिली. तशीच राहिली असती तर बरं झालं असतं! पण औंदा मोडनिंबजवळ कुणीतरी जुन्या गाड्यांची ड्रॅग ठेवली आणि त्याचा जुना जोडीदार शाकीर ती बातमी घेऊन आला. साठीला टेकलेल्या बिरप्पानं त्याच दिवशी बायकोला बजावलं, आजपासून ताटात एकच भाकरी.

वजन भराभरा उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडली, तीही चंद्रव्वानंच, दाभणानं. शाकीर म्हणायचा, गडी पुन्हा पंचविशीत आला. मग अर्धी भाकरीही जाईना, पोट दुखायला लागलं. बिरप्पा म्हणायचा, पोटाची सवय मोडलीय, दुसरं काय! चंद्रव्वाला काळजी वाटायची आणि कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोला? नवरा कसा सडपातळ झालाय, हे ती शेजारणींना सांगत हिंडायची.

मोडनिंबला येझदी पहिली आली. गाडीवरून उतरताना मात्र बिरप्पा शाकीरच्या अंगावर कोसळला.

दवाखान्यात पोटात कॅन्सरची गाठ सापडली. वजन उपासानं उतरलंच नव्हतं, गाठीनं खाल्लं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध जहाल आहे, पंचेचाळीस किलो तरी भरू द्या, मगच सुरू करता येईल. चंद्रव्वा कपाळ बडवून रडली. आतून मरणाऱ्या माणसाला आपण मोजून वाढत होतो, हे तिला सोसवेना. मग पेज, दूध, अंडी, मटणाचं पाणी, जे सुचेल ते ती घेऊन बसायची. दोन घोट जायचे, त्यातला एक बाहेर यायचा.

वजनाच्या दिवशी बिरप्पा चपला काढून मशीनवर चढला. चंद्रव्वा मागं उभी राहिली, आधार दिल्यासारखा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. आकडा पंचेचाळीसच्या वर गेला. नर्सनं पेन उचललं.

"हात काढ, चंद्रव्वा," बिरप्पा म्हणाला. "आपण झेंड्याआधी कधी सुटलो न्हाय."

"एवढ्या येळंला सुटा की," ती म्हणाली.

त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि खांद्यावरून खाली आणला. आकडा एक्केचाळीसवर आला. नर्सनं तोच लिहून घेतला.