मागून हाक न मारता

मथुराबाईंना भवानी पेठेत ‘सायकलवाल्या बाई’ म्हणतात. वय अठ्ठावन्न, काम चादरींना टीप मारायचं, आणि स्वभाव असा की स्वतःची चूक कबूल करायला दीड वर्ष लागतं. आम्ही भिंतीला भिंत लागून राहतो, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे.

चूक घडली ती लेकीच्या, अंकिताच्या, लग्नात. त्यांची बालमैत्रीण म्हाळसाबाई मंद्रूपच्या पुढे वस्तीवर असते. ती आणि तिचा नवरा बिरप्पा मेंढरं राखतात. कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीचं घोंगडं तिनं आहेर म्हणून आणलं. पुण्याहून आलेल्या व्याह्यांसमोर मथुराबाईंना लाज वाटली आणि त्यांनी ते कॉटखाली सरकवलं. म्हाळसाबाईनं ते पाहिलं. ती न जेवता गेली, आणि नंतर तिनं यांचा एकही फोन उचलला नाही.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी बिरप्पाचाच फोन आला. “उद्या आठला कळप हलतोय. मग आठ म्हैनं आमी सापडत न्हाय. ही पण आता थकलीया. पुढच्या खेपंचं काय सांगावं?”

पहिली एसटी नऊला पोचते. मुलगा पृथ्वीराज म्हणाला, मोटारसायकलवर सोडतो. “माफी मागाय दुसऱ्याच्या पाठीमागं बसून जायचं व्हय?” म्हणून बाईंनी ते घोंगडं कॅरिअरला बांधलं आणि उजाडताच एकट्या निघाल्या.

रस्ता सपाट, पण वारा समोरून. सपाट रानात पुढचं गाव लांबूनच दिसतं आणि काही केल्या जवळ येत नाही. सात वाजता मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. पंक्चरवाल्याचं दुकान बंद. मग पिशवीतला पंप काढायचा, हवा भरायची, थोडं जायचं, पुन्हा उतरायचं. दर वेळी बाई घड्याळ बघत आणि स्वतःलाच शिव्या घालत.

वस्तीवर पोचल्या तेव्हा सव्वाआठ झाले होते. चुलीत पाणी ओतलेलं होतं. लांब गाडीवाटेवर धूळ दिसत होती. पुढे बिऱ्हाड लादलेलं घोडं, मधे मेंढरं, सगळ्यांत मागे म्हाळसाबाईचं हिरवं लुगडं.

एक हाक पुरली असती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, आणि निघालेल्यानं मागे वळून बघायचं नसतं. वाटेत एखादं कोकरू जरी दगावलं, तरी ते त्या हाकेच्या माथी. बाईंना घंटी वाजवायचाही धीर झाला नाही. पुढे जाऊन समोरूनच गाठायला हवं होतं.

त्यांनी सायकल शेजारच्या बांधावर घातली. चाक बसलेलं, चेन कुरकुरणारी, छाती भात्यासारखी. धूळ लांबच जात होती. आता काही गाठत नाही, असं वाटून त्यांना रडू फुटलं. मधे दोनदा कळप थांबल्यासारखा दिसला. तेवढ्या आशेवर त्या ओढ्यात उतरल्या, सायकल ढकलत पलीकडे चढल्या आणि कळपाला वळसा घालून समोर उभ्या राहिल्या.

म्हाळसाबाई पुढे आली. तिनं आधी कॅरिअरकडे पाहिलं.

“परत द्याया आलीस व्हय?”

“न्हाय गं.” मथुराबाईंना दम पुरेना. “अंकिता बाळंतपणाला आलीया. तिची लेक रोज ह्याच्यावरच निजती. त्येच दाखवाय आणलंय. माजं चुकलं, म्हाळसे. लई चुकलं.”

म्हाळसाबाईनं घोंगड्याचा काठ बोटांनी चाचपला.

“चेनला तेल घाल की जरा,” ती म्हणाली. “वस्तीपासनं ऐकतीया मी.”

घोड्याचा लगाम धरून उभा असलेला बिरप्पा तिच्याकडे बघतच राहिला.

“तरीच म्हणलं,” तो म्हणाला, “आज पायात काटा न्हाय की खडा न्हाय, आन ही दोनदा का खाली बसली.”