न सुजलेल्या गालाचं दुःख

मैत्रिणींनो, काल मी अन् माह्यी धाकटी जाऊ, दोघी सेलूले जाऊन अक्कलदाढ काढून आलो. तिची दाढ सरळ निघाली. माह्यी आडवी होती, हिरडी कापून तीन टाके घातले.

डॉक्टरनं सांगितलं तसंच मी केलं. बधिरपणा उतरायच्या आत गोळी, गालावर बाहेरून बर्फ, जेवाले थंड ताकभात. जावेनं मात्र शेजारणीचं ऐकून मिठाच्या गरम पोटलीनं गाल शेकला. आज तिचा गाल टम्म सुजला. माह्या जसाच्या तसा.

सकाळपासून लोकं तिले पाहाले येऊन राह्यले. चावता येत नाई, तरी गोरसपाक बिस्किटांचे चार पुडे तिच्या उशाशी. मी चहा करून राह्यली. सासूबाई म्हणल्या, "तुले तर काईच झालं नाई. भाकरी तू टाक, तिले पडू दे."

टाके कोणाले दिसत नाईत न.

आत्ता जाऊ रडवेली होऊन म्हणे, "ताई, तुमी काय लावलं? मले लय ठणकून राह्यलं."

बर्फ दिला मी. पण आधी सगळे कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले, मंग दिला.

खरं सांगा, तुमी लगेच दिला असता?